खाकी वर्दी आणि अनवाणी पाय
आफ्रिकेतील वसाहती सैनिकांच्या पोशाखाचा इतिहास

युद्धाचा इतिहास बहुधा तारखांतून आणि तहांतून सांगितला जातो. कोणत्या सेनापतीने कोणते ठाणे जिंकले, कोणत्या करारानुसार कोणता मुलूख कोणाकडे गेला, हे क्रमिक पुस्तकांत असते. लढणाऱ्या साध्या शिपायाच्या डोक्यावर कोणती टोपी होती, खांद्यावर कोणती बंदूक होती आणि पायांत काय होते, याची नोंद मात्र क्वचितच वाचायला मिळते. वास्तविक या गोष्टी क्षुल्लक नाहीत. राज्यकर्ता आपल्या शिपायाला काय देतो आणि काय देण्याचे टाळतो, यावरून त्या दोघांमधील नाते स्पष्ट होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्स, ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी आफ्रिकेत ज्या स्थानिक फौजा उभारल्या, त्यांच्या वर्दीचा आणि सरंजामाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. भारतीय वाचकाला तो पूर्णपणे परका वाटणार नाही, कारण त्या वर्दीचे कापड, तिचा रंग आणि तिची काही नावे आपल्याच देशातून तेथे गेली.

खाकीचा प्रवास

‘खाक’ म्हणजे धूळ, राख. या फारसी शब्दापासून ‘खाकी’ शब्द तयार झाला. 1846 मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने ‘गाइड्स’ नावाची पलटण उभारली आणि तिला धुळीच्या रंगाचे कपडे दिले. येथूनच लष्करी खाकीचा आरंभ मानला जातो. पुढे टिकाऊ खाकी रंग तयार करण्याचे श्रेय मंगळूरच्या बाझेल मिशनच्या विणकामशाळेला दिले जाते. शतक संपेपर्यंत लाल आणि पांढरे डगले मागे पडले व साम्राज्याच्या समुद्रापारच्या फौजांनी खाकी स्वीकारली. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला गुंडाळायची कापडी पट्टीही हिमालयाच्या पायथ्याकडून सर्वत्र पसरली. इंग्रजांनी तिला ‘पटी’ म्हटले. मूळ शब्द आपल्या रोजच्या वापरातील ‘पट्टी’ हाच आहे.

पूर्व आफ्रिकेतील शिपायाला ‘अस्करी’ म्हणत. हा शब्द अरबी असून आपल्या ‘लष्कर’ शब्दाशी त्याचे नाते असल्याचे मानले जाते. स्वाहिली भाषेत बंदुकीला ‘बुंदुकी’ म्हणतात. अस्करींचा पगारही रुपयांत मोजला जाई, कारण ब्रिटिश आणि जर्मन अशा दोन्ही पूर्व आफ्रिकांत त्या काळी रुपया हेच चलन होते. आजच्या मलावीमध्ये ब्रिटिश सत्तेचा पाया घालण्यासाठी 1891 मध्ये पंजाबातील शीख शिपाई नेण्यात आले होते. तेथील पलटण आणि युगांडा, केनिया व सोमालीलँड येथील पलटणी यांचे एकत्रीकरण करून 1902 मध्ये ‘किंग्ज आफ्रिकन रायफल्स’ ही फौज स्थापन झाली. साम्राज्याने एका वसाहतीत जे शिकून घेतले, ते दुसरीत वापरले.

लाल टोपी आणि पूर्वेकडचा थाट

आफ्रिकेतील वसाहती फौजांपैकी सर्वांत प्रसिद्ध फौज फ्रेंचांची. सेनेगलचा गव्हर्नर लुई फेदेर्ब याच्या पुढाकाराने 21 जुलै 1857 रोजी तिसऱ्या नेपोलियनने हुकूमनाम्यावर सही केली आणि ‘तिरायर सेनेगाले’, म्हणजे सेनेगाली नेमबाज, ही फौज अस्तित्वात आली. नाव सेनेगाली असले, तरी पुढे तिच्यात माली, गिनी, बुर्किना फासो अशा सर्व पश्चिम आफ्रिकी प्रदेशांतील तरुण भरती झाले. पूर्वी अशा भरतीला माणसे मिळत नसत. म्हणून फेदेर्बने पगार सुधारला, नोकरीची मुदत कमी केली आणि डोळ्यांत भरेल असा पोशाख ठरवला: पिवळ्या फितीचे गडद निळे जाकीट, घोळदार विजार, कमरेला लाल पट्टा आणि डोक्यावर ‘शेशिया’ नावाची लाल टोपी.

हा पोशाख पश्चिम आफ्रिकेचा नव्हता. तो उत्तर आफ्रिकेतील अल्जेरियाचा होता. अल्जेरिया जिंकताना फ्रेंचांनी तेथील झुआव्ह लढवय्यांचा वेश उचलला आणि तो हजारो मैल दूरच्या काळ्या शिपायांच्या अंगावर चढवला. ब्रिटिशांनाही हा थाट आवडला. त्यांच्या पश्चिम आफ्रिकी पलटणींच्या समारंभी वर्दीत लाल झुआव्ह जाकीट आणि लाल फेझ टोपी आली. भारतात 1857 नंतर असाच बदल झाला. हिंदी शिपायाचा युरोपीय घाटाचा डगला जाऊन कुडता, फेटा आणि कमरबंद आले. ‘पूर्वेकडचा’ म्हणून जो देखावा राज्यकर्त्यांच्या मनात होता, तो त्यांनी शिपायाच्या अंगावर घातला. त्या शिपायाच्या गावात तसे कपडे कोणी घालत होते की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी गौण होता.

इटलीने एरिट्रियात उभारलेल्या अस्करी फौजेची वर्दी पांढरी होती. त्यावर उंच लाल टोपी आणि कमरेला रंगीत पट्टा. प्रत्येक बटालियनचा पट्ट्याचा आणि टोपीच्या गोंड्याचा रंग वेगळा असे, त्यामुळे शिपाई दुरूनही ओळखू येई. ही ओळख त्याला महागात पडली. 1896 मध्ये अडुवा येथे इथिओपियाच्या सैन्याने इटलीचा पराभव केला. तेव्हा इटालियन कैद्यांना युद्धकैदी म्हणून वागवण्यात आले. पकडलेल्या सुमारे 800 अस्करींचा मात्र फितूर म्हणून उजवा हात आणि डावा पाय तोडण्यात आला. परक्याची वर्दी अंगावर चढली की शेजारी शत्रू होतो, हे त्या शिपायांनी असे भोगले. याच अस्करींच्या वारसदारांशी पुढे 1941 मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरावर मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानांची गाठ पडली. सह्याद्रीच्या कुशीतून आलेले शिपाई आणि एरिट्रियाच्या पठारावरचे शिपाई एकमेकांवर गोळ्या झाडत होते. दोघांच्याही अंगावर दुसऱ्या कोणाच्या तरी राज्याची वर्दी होती.

पायांत काही नाही

किंग्ज आफ्रिकन रायफल्सच्या जुन्या छायाचित्रांत एक गोष्ट लगेच लक्षात येते. शिपाई रांगेत ताठ उभे आहेत. डोक्यावर टोपी आहे, अंगात गडद निळी लोकरी जर्सी किंवा खाकी सदरा आहे, खाली अर्धी चड्डी आहे, पिंढऱ्यांवर पट्ट्या नीट गुंडाळलेल्या आहेत. पट्टी जेथे संपते, तेथून खाली पाय उघडे आहेत. कधी चामडी चपला, बहुधा काहीच नाही. शेजारी उभा असलेला गोरा अधिकारी मात्र बुटांत आहे. पश्चिम आफ्रिकेतील ब्रिटिश पलटणींचीही स्थिती हीच होती आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती मोठ्या प्रमाणात टिकून होती.

याचे समर्थन ठरलेले असे: आफ्रिकी माणसाला अनवाणी चालण्याची सवय आहे, त्याचे तळवे कठीण आहेत, बूट त्याला टोचतील. यात खर्चाची बचत होती, हे उघड आहे. सवयीचा दाखलाही तपासून पाहावा असा आहे. त्या काळात पूर्व आफ्रिकेत जिगर नावाची पिसवेसारखी कीड पसरली होती. मूळची दक्षिण अमेरिकेची ही कीड 1872 च्या सुमारास अंगोलाच्या किनाऱ्यावर आली आणि पुढील पंचवीस वर्षांत खंड ओलांडून पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली. ती पायाच्या बोटांत, नखांखाली शिरते आणि तेथे अंडी धरते. जखम चिघळली तर बोटे गमवावी लागतात. पहिल्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत असंख्य माणसे या किडीमुळे निकामी झाली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने तिच्यापासून संरक्षण मिळण्यासारखे नव्हते, कारण ती स्वतःच तेथे नवखी होती.

बुटांप्रमाणेच बंदुकीतही एक पायरी राखलेली असे. 1857 नंतर भारतात हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याची रीत पडली होती आणि डोंगरी तोफखाना वगळता तोफाही त्याच्याकडून काढून घेतल्या गेल्या होत्या. आफ्रिकेत हेच धोरण चालले. जर्मन पूर्व आफ्रिकेतील, म्हणजे आजच्या टांझानियातील, बहुतेक अस्करी तुकड्यांकडे 1914 मध्ये 1871 च्या नमुन्याची बंदूक होती. तिची दारू काळी असल्याने प्रत्येक बाराबरोबर धुराचा लोट उठे आणि शिपाई कोठे दडला आहे हे शत्रूला कळे.

तांगा, आणि झाडाच्या मुळाचा रंग

या जुन्या बंदुका बदलण्याची संधी जर्मन अस्करींना मिळाली, ती भारतातून गेलेल्या मोहिमेमुळे. 1914 च्या ऑक्टोबरात मुंबई बंदरातून सुमारे 8000 सैनिकांची एक मोहीम निघाली. तिच्यात मुंबई लष्कराच्या परंपरेतील 101 ग्रेनेडियर्स ही पलटण होती, काश्मीरचे शिपाई होते, दक्षिणेकडील पलटणी होत्या. नोव्हेंबरच्या आरंभी ही फौज तांगा बंदरात उतरली. लांबच्या जलप्रवासाने शिपाई थकलेले होते, तयारी अपुरी होती. जर्मन सेनापती पाउल फॉन लेटो-फोरबेक याच्याकडे सुमारे हजारभर माणसे होती आणि त्यांतील बहुतेक अस्करी होते. या मूठभर फौजेने मोहीम परतवून लावली. जाताना इंग्रजांनी शेकडो बंदुका, 16 मशीनगन आणि सुमारे 6 लाख काडतुसे मागे टाकली. त्यांतून अस्करींच्या तीन तुकड्या नव्या बंदुकांनी सज्ज झाल्या.

त्यानंतर चार वर्षे या फौजेचा जर्मनीशी संबंध जवळजवळ तुटला होता. कपडे फाटले, बूट झिजले. तेव्हा मिशनच्या ठाण्यांवर आणि गावांत कापूस कातून हातमागावर कापड विणण्यात आले. ‘न्दा’ नावाच्या झुडपाच्या मुळापासून पिवळसर तपकिरी रंग काढून ते कापड रंगवले गेले. शिकारीच्या जनावरांच्या कातड्याचे बूट तयार झाले. 1917 च्या नोव्हेंबरात रोव्हुमा नदी ओलांडून या फौजेने पोर्तुगीज मोझांबिकमधील न्गोमानो ठाणे घेतले आणि तेथील बंदुका व कपडे मिळवले. 25 नोव्हेंबर 1918 रोजी, युरोपात युद्ध थांबल्यावर दोन आठवड्यांनी, अबरकॉर्न येथे तिने शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा अनेक अस्करींच्या हातांत पोर्तुगीज बंदुका होत्या.

ज्यांना वर्दीच नव्हती

या मोहिमेत सर्वांत जास्त माणसे मेली ती लढणाऱ्यांपैकी नव्हती. रस्ते नाहीत, त्सेत्से माशीमुळे बैल-घोडे टिकत नाहीत, अशा प्रदेशात दारूगोळा आणि धान्य माणसांच्या डोक्यावरून जाई. ब्रिटिशांच्या बाजूने सुमारे 10 लाख हमाल या कामाला लावण्यात आले. पुष्कळांना गावांतून जबरदस्तीने आणले होते. त्यांना वर्दी नव्हती. अंगावर एक घोंगडी आणि क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला, एवढाच त्यांचा सरंजाम. हगवण, हिवताप आणि अपुरे अन्न यांनी त्यांतील किमान 95 हजार माणसे मरण पावली. नैरोबीतील ‘कारिओकोर’ आणि दार-एस-सलाममधील ‘कारिआकू’ ही वस्त्यांची नावे ‘कॅरियर कोअर’ या इंग्रजी शब्दांचे स्थानिक रूप आहेत. आज तेथील गजबजलेल्या बाजारांत त्या हमालांची आठवण एवढ्याच रूपाने उरली आहे.

फ्रान्सच्या थंडीत

त्याच काळात पश्चिम आफ्रिकेतील शिपाई युरोपच्या खंदकांत होते. पहिल्या महायुद्धात काळ्या आफ्रिकेतील सुमारे 2 लाख शिपाई फ्रान्ससाठी लढले आणि जवळपास 30 हजार मृत्युमुखी पडले. येथे त्यांना बूट मिळाले, जाड ओव्हरकोट मिळाला आणि नांगराचे चिन्ह असलेले पोलादी शिरस्त्राण मिळाले. 1907 च्या नमुन्याची बर्तिये बंदूक तर प्रथम त्यांच्यासाठीच तयार झाली होती. ती इतकी उपयुक्त ठरली की थोडे फेरफार करून पुढे फ्रेंच शिपायांनाही देण्यात आली. तरीही हिवाळा त्यांना सोसवत नसे. म्हणून दर वर्षी थंडीत त्यांच्या पलटणी दक्षिणेला फ्रेझ्यूस येथे हलवल्या जात.

त्यांच्या कमरेला कोयत्यासारखे ‘कूप-कूप’ नावाचे रुंद पात्याचे हत्यार असे. झाडझाडोरा तोडण्याच्या या हत्याराभोवती क्रौर्याच्या कथा रचल्या गेल्या. जर्मन प्रचाराने त्यांचा वापर या शिपायांना रानटी ठरवण्यासाठी केला. त्याचा परिणाम 1940 मध्ये दिसला. त्या जूनमध्ये फ्रान्स कोसळत असताना ल्योंजवळच्या शासले गावी जर्मन सैन्याने शरण आलेल्या आफ्रिकी शिपायांना गोऱ्या सोबत्यांपासून वेगळे काढून ठार केले. तेथे पश्चिम आफ्रिकी घाटाच्या लाल मातीच्या रंगाच्या भिंतींचे एक स्मशानस्थळ असून त्यात सुमारे 200 कबरी आहेत.

फ्रान्समध्ये घरोघरी मात्र हा शिपाई वेगळ्याच रूपाने ठाऊक होता. ‘बनानिया’ या पेयाच्या जाहिरातीत 1915 पासून लाल टोपी घातलेला, तोंडभर हसणारा सेनेगाली शिपाई झळकत होता. कवी लेओपोल्द सेदार सेंघोर यांनी ‘ओस्ती न्वार’ या 1948 च्या काव्यसंग्रहात या हसऱ्या चित्राविषयीचा संताप व्यक्त केला. ते स्वतः 1940 मध्ये शिपाई म्हणून जर्मनांच्या कैदेत होते. पुढे ते स्वतंत्र सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

ब्रह्मदेशात कोळी आणि चुंबळ

दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकी शिपाई भारताच्या वाटेने ब्रह्मदेशात गेले. पश्चिम आफ्रिकेच्या 81 आणि 82 क्रमांकाच्या डिव्हिजन आणि पूर्व आफ्रिकेची 11 क्रमांकाची डिव्हिजन अशा तीन फौजा तेथे जपानशी लढल्या. आता खाकी जाऊन जंगलाच्या रंगाची हिरवी वर्दी आली, एका बाजूला दुमडलेल्या कडांची हॅट आली आणि पायांत बूट आले.

या फौजांच्या बाहूवरील चिन्हे पाहण्यासारखी आहेत. पूर्व आफ्रिकी डिव्हिजनचे चिन्ह गेंड्याचे डोके होते. 81 व्या डिव्हिजनने पिवळ्या पार्श्वभूमीवर काळा कोळी घेतला. हा कोळी म्हणजे घानाच्या अकान लोककथांतील अनान्सी. अंगात बळ नसताना युक्तीने बलाढ्यांवर मात करणारा, आपल्याकडच्या गोष्टींतल्या सशासारखा. 82 व्या डिव्हिजनचे चिन्ह होते चुंबळीतून आरपार गेलेले दोन भाले. कलादान खोऱ्यातील डोंगरांत वाहने चालत नसत. विमानातून टाकलेले सामान चुंबळीवर तोलून वाहणारे हमाल-शिपाई हाच त्या फौजेचा आधार होता. पहिल्या महायुद्धात ज्यांना बिल्ल्याखेरीज काही मिळाले नव्हते, त्यांच्याच कष्टाची खूण आता फौजेच्या बाहूवर मानाने आली. परक्यांनी ठरवलेल्या झुआव्ह जाकिटानंतर प्रथमच आफ्रिकी शिपायाच्या अंगावर आफ्रिकेच्या स्वतःच्या जीवनातले काही उमटले होते.

याच काळात सेथ अँथनी हे ब्रिटिश लष्करात अधिकारपद मिळवणारे पहिले काळे आफ्रिकी ठरले. 1942 मध्ये त्यांना हे पद मिळाले आणि ते ब्रह्मदेशात लढले. त्याआधी ते गोल्ड कोस्टमधील आचिमोटा येथे शिक्षक होते.

वर्दी उतरवताना

युद्ध संपत आले आणि हिशेबाची वेळ आली. 1944 च्या शरद ऋतूत, फ्रान्सच्या मुक्तीसाठी लढलेल्या आफ्रिकी तुकड्या आघाडीवरून मागे घेण्यात आल्या आणि त्यांच्या जागी गोरे फ्रेंच तरुण आणले गेले. अनेक ठिकाणी आफ्रिकी शिपायांना आपली शस्त्रे, शिरस्त्राणे आणि अंगावरचे ओव्हरकोट उतरवून त्या तरुणांच्या हवाली करावे लागले. 1 डिसेंबर 1944 रोजी डाकारजवळच्या थियारोय छावणीत जर्मन कैदेतून परतलेल्या शिपायांनी थकलेला पगार मागितला, तेव्हा फ्रेंच लष्कराने त्यांच्यावर गोळीबार केला. त्या वेळी मृतांचा अधिकृत आकडा 35 सांगण्यात आला. 2014 मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी तो 70 हून अधिक असल्याचे मान्य केले, आणि 2024 मध्ये फ्रान्सने या घटनेला हत्याकांड म्हटले. 28 फेब्रुवारी 1948 रोजी अक्रा येथे निवृत्तिवेतन आणि नोकऱ्या मागण्यासाठी निघालेल्या माजी सैनिकांच्या मोर्चावर गोळ्या झाडण्यात आल्या. सार्जंट अजेटे, कॉर्पोरल अटिपो आणि प्रायव्हेट ओडार्टे लॅम्प्टे हे तिघे ठार झाले. या तिघांनी साम्राज्यासाठी युद्ध पाहिले होते. त्यानंतर उसळलेल्या असंतोषातून घानाच्या स्वातंत्र्याच्या लढ्याला वेग आला आणि 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला.

1959 च्या कायद्याने फ्रान्सने वसाहतींतील माजी सैनिकांची निवृत्तिवेतने गोठवली. फ्रेंच सोबत्यांचे वेतन वाढत गेले, आफ्रिकी शिपायांचे तेथेच राहिले. ते पूर्णपणे समान होण्यास 2011 साल उजाडले. तोवर बहुतेक हक्कदार हयात नव्हते.

जर्मन अस्करींच्या हिशेबाची एक हकिगत सांगितली जाते. 1964 मध्ये पश्चिम जर्मनीच्या संसदेने हयात अस्करींना त्यांचे थकलेले वेतन देण्याचे ठरवले. टांझानियातील म्वांझा येथे सुमारे 350 वृद्ध जमले. कागदपत्रे थोड्यांकडेच होती. काहींनी पुरावा म्हणून जुन्या वर्दीच्या चिंध्या आणल्या होत्या. तेव्हा पैसे घेऊन आलेल्या अधिकाऱ्याने प्रत्येकाच्या हाती एक झाडू दिला आणि जर्मन भाषेत कवायतीचे हुकूम सोडले. पन्नास वर्षांपूर्वीचे ते हुकूम एकही वृद्ध चुकला नाही.

त्या वृद्धांनी चिंध्या जपून ठेवल्या होत्या, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. वर्दीत अपमान होता, तसा मानही होता. गावात ती घालून फिरणाऱ्या तरुणाची छाती फुलत असे, कवायतीच्या शिस्तीचा त्याला अभिमान असे, हेही खरे. म्हणूनच ज्या सरकारांनी हा अभिमान वापरून घेतला आणि हिशेबाच्या वेळी हात आखडता घेतला, त्यांचे वर्तन अधिकच खटकते.

खाकीची कथा लष्करात संपली नाही. तीच खाकी भारतात पोलिसांच्या, टपालवाल्यांच्या अंगावर आली आणि पांढऱ्या सदऱ्याखालची अर्धी चड्डी होऊन शाळाशाळांतून पोहोचली. या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांनी ती घातली असेल. शाळेने गणवेश स्वीकारला तो फौजेहून वेगळ्या हेतूने: वर्गात शेजारी बसलेल्या दोन मुलांच्या घरची परिस्थिती त्यांच्या कपड्यांवरून कळू नये. कापड सारखे झाले म्हणजे हा हेतू साधला, असे मात्र समजता येत नाही. एकाच रंगाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी कोणाच्या पायांत बूट नाहीत, कोणाकडे गेल्या वर्षीचेच जीर्ण पुस्तक आहे, कोणाला पुढच्या पदावर जाण्याची वाट बंद आहे, हे पाहण्याचे काम शिक्षकांचे, पालकांचे आणि माजी विद्यार्थ्यांचे आहे. रांग सरळ उभी आहे की नाही, हे कवायतीचा मास्तर पाहतोच. रांगेतल्या प्रत्येक मुलाच्या पायांकडे पाहणारे कोणीतरी शाळेत असावे लागते.